गाळलेल्या जागा

पहिल्या नकाशात मी चाड सरोवर फिक्कट पिवळं ठेवलं होतं.
पिवळं म्हणजे बरं चाललंय.
जितका लाल, तितक्या बाळंतपणात गेलेल्या बायका.
दक्षिण लाल, पूर्व त्याहून लाल,
आणि सरोवरातली बेटं अशी लख्ख
की तिथे कुणी मरतच नसावं.

यागाना बेटावरून आली होती, औषधांच्या खोक्यांसाठी.
एंजामेनातली ती खोली, वीज गेलेली, लॅपटॉप बॅटरीवर.
तिने पडद्यावर बोट ठेवलं.
बोटाला खाच, नाळ बांधायच्या दोऱ्याची.
"हे आमचं. छान दिसतंय."
मग जरा थांबून,
"इथे कोण राहतं?"

रकाना रिकामा होता.
यंत्राने रिकाम्याला शून्य वाचलं,
शून्याला सगळ्यात सौम्य रंग दिला,
आणि मी, नऊ वर्षं नकाशे काढणारी,
रंगांच्या पट्टीवर खूश होते.

शाळेत बाई फळ्यावर लिहायच्या: गाळलेल्या जागा भरा.
शब्द त्यांनीच गाळलेला असायचा,
म्हणजे उत्तर निदान एका माणसाला तरी ठाऊक.
इथे कुणी काय गाळलं
तेच कुणाला ठाऊक नाही.

बोलपासून चारीची होडी.
तो काठी टेकवून पाणी मोजायचा, आणि वाट बदलायचा.
माझ्या उपग्रहाच्या चित्रात जिथे दोन बेटं
तिथे गाळ साचून एकच झालेलं,
त्यावर फुगीर शिंगांची गुरं चरत होती.
वाळूत शेवाळाच्या हिरव्या वड्या वाळत होत्या.
नकाशा खोटा ठरायला एक उन्हाळा पुरतो,
हे चारीला सांगितलं तर तो हसला.
त्याला वाटलं, मी त्याची थट्टा करतेय.

दवाखाना म्हणजे गवती छप्पर आणि एक पत्र्याची पेटी.
पेटीत वही. वहीची पहिली अकरा पानं वाचता येत होती,
पुढची एकमेकांना चिकटलेली,
निळी शाई ढगासारखी पसरलेली.
यागाना ती पानं सोडवत बसली नाही.
डोळे मिटून सांगू लागली:
पाणी चढलं त्या साली तीन.
एक तेरा-चौदा वर्षांची,
एक पलीकडच्या किनाऱ्यावरून आणलेली, नाव कळलं नाही,
एक कोळ्याची बायको, जुळी होती.
बराच वेळ गप्प.
मग, "चौथी माझी जाऊ.
ती लिहू नकोस. ती घरातली गोष्ट आहे."

परतल्यावर मी पिवळं काढलं.
माहिती नाही तिथे तिरप्या रेघा ओढल्या,
बोट टेकवलं की उघडेल अशी खिडकी ठेवली:
शेवटची नोंद कधीची,
कुणी केली,
वहीचं काय झालं.

संचालक द्जिमरासेम चष्मा पुसत म्हणाले,
"पाहुणे बघतात हे. देश खोडून टाकल्यासारखा दिसतो."
मी म्हटलं, "खोडला नाही साहेब,
लिहिलाच नाहीये."
त्यांनी नकाशा सरकवला, खाली, आणखी खाली,
नदीच्या एका वळणाशी आणून थांबवला.
तिथेही रेघा.
त्यांनी खिडकी उघडली नाही.
चहा संपवला.
"रेघा जरा बारीक करा."

केल्या. थोड्या.

आता बेटावर बोट ठेवलं तर खिडकी उघडते:
त्या साली, तीन.
नोंद तोंडी, सुईण यागाना, वही भिजली.
हा आकडा मी तीनदा तपासला आहे,
लोक तो उतरवून घेतात, बेरजेत धरतात.

चौथी माझ्याकडे आहे.